वितळण्याआधी

पोलाद वितळतं साधारण १५०० अंश सेल्सियसला. ऑफिसातली टेबलं, खुर्च्या, कागद, गालिचे जळून होणारी आग फार तर हजार-अकराशे अंशांपर्यंत पोचते. ही दोन्ही विधानं खरी आहेत. त्यांच्या मध्ये चारशे-पाचशे अंशांची जी फट राहते, तिच्यात इंटरनेटवरचा एक अख्खा कारस्थानपंथ वस्ती करून आहे. दरवर्षी सप्टेंबर उजाडला की शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचा व्हिडिओ टाकतं आणि खाली मला टॅग करून विचारतं, "काय रे, तू स्ट्रक्चरल इंजिनियर ना? विमानाच्या इंधनाने स्टील वितळतं का?"

नाही वितळत. आणि इमारत पडायला ते वितळावं लागतही नाही.

एवढं उत्तर ग्रुपवर पुरत नाही. पुढचा मेसेज येतोच, "मग पडली कशी?" त्याचं उत्तर द्यायचं तर सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागतं. कारण हा गैरसमज काही व्हॉट्सअ‍ॅपने जन्माला घातलेला नाही. 'जे जळत नाही ते आगीत टिकतं' असं माणसांनी मोठ्या विश्वासाने मानलं, त्यावर गिरण्या, गोदामं आणि शहरं बांधली, आणि मग एकेका आगीने त्यांना हिशोब शिकवला. आज माझ्या टेबलावर डिझाइनची जी संहिता पडलेली असते, त्यातल्या आगीच्या प्रकरणामागे अशा बऱ्याच आगींचा धूर आहे.

घिसाड्याला ठाऊक असलेली गोष्ट

वितळणं आणि मऊ पडणं यांतला फरक ज्यांना कुणी शिकवावा लागला नाही, ते म्हणजे आपले घिसाडी. रस्त्याकडेला पाल टाकून विळे, कोयते, कुदळी घडवणारा घिसाडी लोखंड कधीच वितळवत नाही. भाता मारून मारून तो ते लाल-नारिंगी करतो, ऐरणीवर धरतो, आणि घरची बाई घण घालते. गार असताना ज्या पट्टीवर त्याच घणाने नुसता ओरखडा उठला असता, ती पट्टी पाच-सात घावांत वाकते, चपटी होते, धार धरते. इमारतीच्या बाबतीत घण वेगळा आणावा लागत नाही. तिचं स्वतःचं वजन तिच्यावर चोवीस तास टेकलेलंच असतं.

आता आकडे. भारतात पोलादी बांधकामाचं डिझाइन आयएस ८०० या संहितेप्रमाणे होतं. तिच्या २००७ च्या आवृत्तीतलं सोळावं प्रकरण आगीबद्दल आहे. त्यातलं एक सूत्र दहावीतल्या मुलालाही सोडवता येईल. २१५ अंशांपर्यंत पोलादाची ताकद शाबूत धरायची. त्यापुढे ९०५ मधून तापमान वजा करायचं आणि ६९० ने भागायचं. ५५० अंश घातले तर उत्तर येतं ०.५१, म्हणजे ताकद निम्म्यावर आली. ७०० अंशांना उरते ३० टक्के. ९०५ ला शून्य. ऑस्ट्रेलियाच्या संहितेतही हेच सूत्र आहे. युरोपची संहिता आकडे थोडे वेगळे देते: ५०० अंशांना ७८ टक्के, ६०० ला ४७, ७०० ला २३. तपशील निराळे असले तरी उताराची जागा एकच आहे. पाचशे ते सातशे अंशांच्या टप्प्यात पोलाद कणा टाकतं.

यात एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. काळोखात लोखंड डोळ्यांना जेमतेम लालसर दिसू लागतं ते सुमारे ५२५ अंशांना. म्हणजे तुळई तापल्याचं नजरेला कळायच्या आत तिची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते. धुराने भरलेल्या खोलीत, भर दिवसा, टॉर्च मारून पाहणाऱ्या माणसाला ती होती तशीच दिसते.

आम्ही तुळया डिझाइन करताना ताकद राखून ठेवतो. रोजच्या वापरात तुळईवर तिच्या कुवतीच्या साधारण निम्मा भार असतो. आग ही राखीव ताकद खात जाते. ज्या तापमानाला ती संपते, म्हणजे उरलेली ताकद आणि अंगावरचा भार समसमान होतात, ते त्या तुळईचं मर्यादा-तापमान. भार निम्मा असेल तर आयएस ८०० प्रमाणे ५६० अंश. भार दोन-तृतीयांश असेल तर ४४५. म्हणजे एकाच कारखान्यातून आलेल्या दोन तुळया, एकीवर गर्दी कमी आणि दुसरीवर जास्त, आगीत वेगवेगळ्या वेळी मान टाकतात.

जळणाऱ्या गिरण्या

लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ १७८६ साली वाफेवर चालणारी एक अवाढव्य पिठाची गिरणी सुरू झाली. तिचं नाव अल्बियन मिल्स. बोल्टन आणि वॉट यांची इंजिनं, त्या काळातलं सर्वांत आधुनिक यंत्र. २ मार्च १७९१ ला ती जळून खाक झाली. तिच्यामुळे धंदा बुडालेले जुने चक्कीवाले पुलावर जमून नाचले, असं सांगतात.

तेव्हाच्या कापडगिरण्यांची अवस्था याहून वाईट होती. लाकडी खांब, लाकडी तुळया, तेलाने माखलेल्या लाकडी जमिनी, हवेत तरंगणारे सुताचे तंतू आणि उजेडाला मेणबत्त्या. डर्बीच्या विल्यम स्ट्रटने १७९२-९३ मध्ये बिडाचे खांब घातले, तुळया लाकडीच ठेवल्या, पण त्यांना प्लास्टरचं अंगडं चढवलं. १७९६ साली लीड्सची एक जवसाच्या धाग्याची गिरणी जळाली. तिच्या भागीदारांना हाताशी धरून चार्ल्स बेज नावाच्या माणसाने पुढचं पाऊल टाकलं. बेज मूळचा दारूचा व्यापारी, पण गणितात डोकं चालणारा. श्रूझबरीजवळ डिथरिंग्टनला त्याने पाच मजल्यांची गिरणी उभी केली: खांब बिडाचे, तुळयाही बिडाच्या, आणि दोन तुळयांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी. सांगाड्यात लाकूड नाही. १७९७ मध्ये पुरी झालेली ही जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. ती आजही उभी आहे.

मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये राहिला असाल तर ही रचना तुम्ही डोक्यावर पाहिली असेल. लोखंडी गर्डर आणि त्यांच्या मध्ये विटांची बुटकी कमान. आपल्याकडे तिला जॅक आर्च म्हणतात. तिचं मूळ या आगीच्या भीतीत आहे.

बेजचा तर्क साधा होता आणि त्याच्यापुरता बरोबरही. लाकूड स्वतःच सरपण होतं, लोखंड होत नाही. आगीला खायला कमी मिळालं तर ती लहान राहील. या गिरण्यांना 'फायरप्रूफ' म्हणू लागले. गडबड या शब्दाने केली. इमारत जळणार नाही हे खरं, पण आत ठेवलेला माल जळणारच होता, आणि तो जळताना खांबांचं काय होणार हा प्रश्न 'फायरप्रूफ' म्हटल्यावर कुणी विचारेनासं झालं.

ब्रेडवुडचा नियम

विचारला तो एका बंबवाल्याने. जेम्स ब्रेडवुड हा एडिंबराचा. १८२४ साली त्या शहराने नगरपालिकेचं अग्निशमन दल काढलं, त्याचा तो प्रमुख. १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख होता. लंडनची गोदामं त्याने आतून, जळताना पाहिली होती.

बिडाचा तवा वापरणाऱ्या कुणालाही त्याचं निरीक्षण लगेच पटेल. तापलेल्या बिडाच्या तव्यावर एकदम गार पाणी ओतलं तर काय होतं? तडा जातो. बीड दाबाखाली भक्कम असतं, पण ठिसूळ. आता त्या तव्याच्या जागी पाच मजले तोलणारा खांब घ्या, आणि पाण्याच्या जागी आग विझवायला आलेल्या बंबाची धार. म्हणजे आग विझवण्याची कृतीच इमारत पाडू शकते. १८४९ साली ब्रेडवुडने सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे 'फायरप्रूफ' इमारतींवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं, की मोठमोठी, भिंतींनी न विभागलेली, बिडाच्या खांबांवरची गोदामं एकदा नीट पेटली की ती भरवशाची नाहीत. जाड लाकडी तुळई जळताना वरून कोळसा होत जाते, आतलं लाकूड तोवर भार धरतं, ती कुरकुरते, इशारा देते. बीड इशारा देत नाही. लोखंडावर तोललेलं गोदाम चांगलं पेटलं असेल तर आपल्या माणसांना आत पाठवायचं नाही, असा त्याचा दंडक होता.

इंजिनियरांनी ऐकून घेतलं. बांधकाम चालूच राहिलं.

२२ जून १८६१ ला टेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवर गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर, मसाले. आगीला हवं ते सगळं. संध्याकाळी एका गोदामाची भिंत रस्त्यावर कोसळली आणि तिच्याखाली ब्रेडवुड गेला. आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. विमा कंपन्यांनी हात वर केले, पुढे १८६५ मध्ये कायदा झाला आणि लंडनला सरकारी अग्निशमन दल मिळालं.

याच दशकात बिडाचा एक सांगाडा बोटीने मुंबईला येत होता. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचे खांब, तुळया इंग्लंडात ओतून इथे जोडल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा, ज्याने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या रेखाटनांवर काम केलं होतं. लोखंड आणि काचेचा तो क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाला. लोखंड जळत नाही आणि काचही जळत नाही. पण आतली जमीन लाकडी होती, सामान होतं, आणि सकाळी मुख्य इमारतीच्या जागी वाकड्यातिकड्या लोखंडाचा ढीग होता.

खांबाला अंगरखा

८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागो पेटलं. दोन दिवसांत १७ हजारांवर इमारती गेल्या, सुमारे ३०० माणसं मेली, लाखभर बेघर झाली. व्यापारी भागात लोखंडी दर्शनी भागाच्या, 'फायरप्रूफ' म्हणून मिरवलेल्या इमारती होत्या. त्याही गेल्या.

शिकागोने यातून जो धडा घेतला तो आजवर पुरतो आहे: लोखंड वापरा, पण उघडं ठेवू नका. १८७० च्या दशकात पीटर वाइटसारख्या वास्तुविशारदांनी खांबांभोवती भाजक्या मातीची, टेराकोटाची आवरणं बसवायला सुरुवात केली. मडक्याची माती भट्टीतूनच आलेली असते, तिला आगीचं नवल नसतं, आणि ती उष्णता आत सावकाश सोडते. तोवर बेसेमरच्या पद्धतीमुळे पोलाद स्वस्त होत चाललं होतं. पोलाद बिडासारखं ठिसूळ नाही, तडकत नाही. पण तापलं की मऊ पडतंच, त्यामुळे अंगरखा त्यालाही लागतो. १८८५ मध्ये शिकागोत दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिली, गगनचुंबी इमारतींची आजी. धातूचा सांगाडा, त्यावर आवरण. बांधून घेणारी विमा कंपनी होती, हा योगायोग नसावा.

पुढचा प्रश्न, अंगरखा किती जाड? दर कारखानदार आपला माल उत्तम म्हणत होता आणि दर शहर आपापल्या पद्धतीने भट्टी पेटवून पाहत होतं. अखेर १९१७-१८ मध्ये अमेरिकेत एका वक्ररेषेवर एकमत झालं. भट्टीचं तापमान पाचव्या मिनिटाला ५३८ अंश, तासाला ९२७, चौथ्या तासाला १०९३. या भट्टीत भाराखालचा खांब जितका वेळ उभा राहील तितके त्याचे तास. 'एक तासाचा खांब', 'दोन तासांची तुळई' ही आमची भाषा तिथून आली. आज जगभर वापरली जाणारी आयएसओ ८३४ ही रेषा तिची धाकटी बहीण: अर्ध्या तासाला ८४२, तासाला ९४५. उघडं पोलाद या भट्टीत साधारण १५ ते २० मिनिटं टिकतं. पातळ असेल तर त्याहून कमी, जाड असेल तर जास्त. कांद्याच्या पातळ काचऱ्या आधी करपतात आणि फोडी मागाहून, तेच तत्त्व.

ही रेषा खऱ्या आगीवरून काढलेली नव्हती. सायमन इंगबर्ग नावाच्या संशोधकाने १९२० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेसाठी खोल्यांमध्ये खरी टेबलं, कपाटं, कागदाचे गठ्ठे जाळले, आणि १९२८ मध्ये मांडलं की दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो जळाऊ सामान असेल तर ती आग भट्टीतल्या एका तासाच्या बरोबरीची धरावी. म्हणजे 'तास' हे घड्याळ नाही. दोन तासांचा खांब खऱ्या आगीत दोन तास टिकेलच असं कुणीही लिहून दिलेलं नाही. तो मोजमापाचा एक काटा आहे, किलोसारखा. हे इंजिनियरही विसरतात, आणि ब्रोशर छापणारे तर हमखास.

इमारत ही तुळयांची बेरीज नाही

भट्टीची दुसरी अडचण आकाराची आहे. तिच्यात एक खांब मावतो किंवा एक तुळई. इमारत मावत नाही.

२३ जून १९९० च्या रात्री लंडनच्या ब्रॉडगेट भागात बांधकाम चालू असलेल्या १४ मजली इमारतीत कंत्राटदाराच्या खोल्यांना आग लागली. स्प्रिंकलर अजून चालू झाले नव्हते. पोलादाचा बराच भाग उघडा होता. साडेचार तास आग. हिशोबाप्रमाणे इमारत वाचायला नको होती. तुळया अर्ध्या मीटरहून जास्त झोळल्या, काही खांब दहा सेंटिमीटर आखूड झाले, आणि इमारत उभी राहिली. थकलेल्या खांबांचा भार शेजारच्यांनी उचलला. तुळयांवरचा काँक्रीटचा स्लॅब ताणलेल्या चादरीसारखा वागला.

हे नशीब की विज्ञान, याचा निकाल लावायला ब्रिटिशांनी कार्डिंग्टन इथल्या विमानबलूनच्या जुन्या हँगरमध्ये खरीखुरी आठ मजली पोलादी इमारत बांधली आणि १९९५-९६ मध्ये तिच्या मजल्यांवर आगी लावल्या. आच्छादन नसलेल्या तुळया हजार अंशांच्या पुढे गेल्या. झोळल्या, वेड्यावाकड्या झाल्या, पडल्या नाहीत. पण एका चाचणीत खांबाचा वरचा थोडा भाग उघडा ठेवला होता, तर तेवढ्याच जागी तो सुमारे १८ सेंटिमीटर चेपला गेला. यातून युरोपात नवी पद्धत निघाली: काही तुळया उघड्या ठेवल्या तर चालेल, खांब मात्र नीट झाका.

इथे गोष्ट सुखान्त झाली असती. पण काही वर्षांनी याच सिद्धान्ताची दुसरी बाजू दिसली.

११ सप्टेंबर २००१ ला जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळली तेव्हा धडकेने तुळयांवरचं अग्निरोधक आवरणही झडलं होतं. उघडं पडलेलं पोलाद आणि मोठी आग. दक्षिण मनोरा ५६ मिनिटांत पडला, उत्तर मनोरा १०२ मिनिटांत. ग्रुपवरच्या प्रश्नाचं हे एक उत्तर. पण मला जास्त शिकवलं ते शेजारच्या ४७ मजली इमारतीने. तिच्यावर विमान आदळलंच नव्हतं. पडणाऱ्या मनोऱ्याच्या जळत्या ढिगाऱ्यामुळे तिच्यात आगी लागल्या, खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरना पाणी देणारी शहराची जलवाहिनी फुटलेली, आणि संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी ती कोसळली. आधीच रिकामी केल्याने आत कुणी नव्हतं.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने सात वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, अहवाल दिला. तिथे गुन्हेगार मऊपणा नव्हता. पोलाद तापलं की लांबतं. दहा मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली तर सहा-सात सेंटिमीटर वाढते. या इमारतीच्या पूर्वेकडच्या लांबलचक तुळया तापून वाढल्या, त्यांनी एका मुख्य गर्डरला ढकललं, आणि तो ७९ क्रमांकाच्या खांबावरच्या आपल्या बैठकीवरून सरकला. मजल्यावर मजले पडले, खांबाचा आधार गेला आणि पाठोपाठ सगळं. जिथे हे घडलं तिथलं तापमान, आम्ही ज्याला धोक्याचं समजतो त्याच्या शेकडो अंश खाली होतं. म्हणजे पोलादाची ताकद बरीचशी शाबूत असताना. ब्रॉडगेटला शेजाऱ्यांनी सावरलं, इथे शेजाऱ्यांनी ढकललं. भट्टीत एकट्या तुळईला तापवून यातलं काहीच कळलं नसतं, कारण भट्टीत तिला ढकलायला कुणी नसतं.

करकरीत पानं

आता आपल्याकडे. आयएस ८०० चं सोळावं प्रकरण छोटं आहे, पण वाईट नाही. ताकदीचं सूत्र आहे, लवचीकतेचं आहे, मर्यादा-तापमानाचं आहे, आवरण लावलेल्या आणि उघड्या पोलादाचा वेळ कसा काढायचा ते आहे. किती तास हवेत हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागात, इमारतीच्या वापराप्रमाणे. तरीही मी काम केलेल्या ऑफिसांतल्या आयएस ८०० च्या प्रती पाहिल्या, तर जोडण्यांची आणि खांबांची प्रकरणं चहाच्या डागांनी, पेन्सिलीच्या खुणांनी मळलेली, आणि सोळाव्याची पानं करकरीत.

कारण आपल्याकडची बरीच निवासी उंची काँक्रीटची आहे. काँक्रीटच्या आत सळई झाकलेलीच असते. पोलाद उघडं दिसतं ते एमआयडीसीतल्या शेडमध्ये, महामार्गाकडेच्या गोदामांत, ज्यांतून तुमच्या फोनवरच्या ऑर्डरी निघतात. या शेडच्या फ्रेम वजन वाचवण्यासाठी पाच-सहा मिलिमीटरच्या पातळ पत्र्यांपासून बनवतात. त्या सुंदर हिशोबी असतात, आणि कांद्याच्या पातळ काचऱ्यांसारख्या लवकर तापतात. छताची फ्रेम मऊ पडली की दोरीसारखी झोळते आणि बाजूचे खांब आत ओढते. माणसं तळमजल्यावरून पटकन बाहेर पडतात, म्हणून एकमजली शेडला तासांची अट बऱ्याचदा सैल असते, आणि त्यात तथ्यही आहे. पण आतली माणसं बाहेर पडत असताना बाहेरची काही माणसं आत शिरत असतात. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि हातात होजपाइप.

त्यांचा प्रश्न ब्रेडवुडचाच आहे: आत जाऊ की नको? उत्तर इमारतीच्या ड्रॉइंगमध्ये असतं. गेटवर नसतं. खांबांवर फुगणारा रंग आहे का, जो दोन-अडीचशे अंशांना पापडासारखा फुलून उष्णता अडवतो? छतावर काही आहे का? की सगळं उघडं, आणि आग लागून पंधरा मिनिटं कधीच उलटली आहेत? बाहेरून दिसतो फक्त पत्रा. खर्च कमी करायच्या मीटिंगमध्ये त्या रंगावर पहिली काट बसते, कारण तो लावला काय न लावला काय, इमारत उद्घाटनाच्या फोटोत सारखीच दिसते.

गेली काही वर्षं मी शेडच्या पहिल्या ड्रॉइंगवर, स्टीलच्या ग्रेडच्या खाली, एक ओळ लिहितो. संरक्षण असेल तर किती मिनिटांचं. नसेल तर तसं स्पष्ट: या सांगाड्याला आगीपासून संरक्षण दिलेलं नाही. सोबत सुचवतो की हीच ओळ फाटकाशी, आणीबाणीच्या नंबरांच्या पाटीवर लावा. आतापर्यंत दोघा मालकांनी ती ओळ काढून टाकायला सांगितली. विम्यावाले बघतील, म्हणाले. तिसऱ्याने बराच वेळ ड्रॉइंगवर बोट ठेवून ती वाचली आणि विचारलं, "साठ मिनिटं लिहायची असतील तर रंगाचे किती होतील?"